मशीन आलं, माणूस आला नाही : महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांची पावणेदोनशे वर्षं

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने सरकारी दवाखान्यांच्या पैशावर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही, अर्थशास्त्राचे प्राध्यापक नाही, मंत्रालयात कधी नोकरी केली नाही. पण 'याला जबाबदार कोण?' हा प्रश्न नीट कसा विचारायचा, हे शिकण्या-शिकवण्यात आमची चाळीस वर्षं गेली. आणि सरकारी रुग्णालयाच्या दारात उभं राहिलं की हाच प्रश्न सगळ्यात आधी समोर येतो.

काही वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू एका जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये अकरा दिवस होते. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तुमच्यापैकी अनेकांना ते तुमच्याच गावचं वाटेल. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी सांगितली. खोलीपाशी गेलो तर कुलूप. खिडकीतून यंत्र दिसत होतं, वर चादर टाकलेली. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, 'काका, मशीन आलंय, माणूस आला नाही. बाहेरून करून आणा.' त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. चाळीस पेशंटना दोघी मिळून सांभाळत होत्या, पायाला भिंगरी लावल्यासारख्या. आम्ही बाहेर जाऊन पैसे भरले. आमच्यापाशी होते म्हणून भरले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मागून घेतला.

ती घडी केलेली चिठ्ठी आमच्या डोक्यातून गेली नाही. यंत्राला पैसे मिळतात आणि ते चालवणाऱ्या माणसाला मिळत नाहीत, हे कसं होतं? हा कुणाचा दुष्टपणा आहे, की व्यवस्थाच तशी घडत गेली? इतिहास चाळल्यावर आमचं मत असं झालं, की ती तशी घडत गेली, आणि तिचे टप्पे दाखवता येतात. तेच आज पाहू.

सुरुवात मुंबईपासून करू. रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर १८३८ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय काढायचं ठरलं, वर्गणी जमली. सर जमशेटजी जिजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले, कंपनी सरकारने आपला वाटा घातला. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय सुरू झालं. पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये आपले भाऊ दाजी लाड होते. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ससून रुग्णालय उभं राहिलं, १८६७ साली. या माणसांच्या दातृत्वाबद्दल आपण कृतज्ञच राहिलं पाहिजे. पण दानाचा एक स्वभाव असतो, तो लक्षात घ्या. दान इमारतीला मिळतं, कारण इमारतीवर नाव कोरता येतं. रोजच्या रोज चादरी धुणाऱ्या माणसाच्या पगारावर कुणाचं नाव कोरणार? तो खर्च सरकारच्या गळ्यात. आणि कंपनी सरकार असो की राणीचं, त्यांच्या हिशेबात लष्कर आणि महसूल आधी. रयतेचा दवाखाना बराच खाली.

याच काळातलं एक वेगळं उदाहरण कोल्हापूरचं. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होऊन १८८६ साली परत आल्या. त्याआधीच कोल्हापूर संस्थानाने तिथल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या वॉर्डासाठी त्यांची नेमणूक केली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई गेल्या, कामावर रुजू होणं झालंच नाही. ही गोष्ट आपण त्यांच्या दुर्दैवाची म्हणून सांगतो. आम्हाला त्यात आणखी एक दिसतं. संस्थानाने नुसता वॉर्ड बांधला नाही, त्या वॉर्डासाठी माणूस शोधला, पद दिलं. रुग्णालय म्हणजे खोल्या नव्हेत, खोल्यांत काम करणारी माणसं, हे तिथे कुणाला तरी कळलं होतं.

मग आली १८९६ची प्लेगची साथ. मुंबईत, पुण्यात रुग्णालय हा शब्द ऐकला की लोक आजारी माणूस लपवून ठेवत. घरात घुसून तपासणी, जबरदस्तीने हलवणं, यामुळे सरकारी दवाखाना म्हणजे परक्यांचा दवाखाना, ही भावना घट्ट झाली. ती सैल करायला तीस वर्षं लागली. १९२१ साली असहकाराच्या वातावरणात मुंबईत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं, डॉ. नायर यांच्या देणगीतून त्याला रुग्णालय मिळालं. १९२६ साली परळला केईएम सुरू झालं. त्याला जोडलेल्या कॉलेजसाठी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की इथले शिक्षक हिंदीच असले पाहिजेत, आणि सरकारी नोकरीतले नकोत. डॉ. जीवराज मेहता तिथे अधिष्ठाता झाले, तेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. बघा, देणगीदार प्रथमच इमारतीपलीकडे जाऊन 'आत माणूस कोण?' असं विचारत होता.

आणि केईएम चालवायला घेतलं कुणी? मुंबई महानगरपालिकेने. हा मुद्दा नीट धरून ठेवा. पालिकेकडे स्वतःचं उत्पन्न होतं. घरपट्टी होती, जकात होती. म्हणजे पैसा गोळा करणारा आणि रुग्णालय चालवणारा एकच. परळच्या गिरणीतल्या माणसाला केईएममध्ये खाट मिळाली नाही, तर तो आपल्या नगरसेवकाची गचांडी धरू शकत होता, आणि नगरसेवकाला 'आमच्या हातात नाही' म्हणायची सोय नव्हती. नायर १९४६ साली पालिकेकडे आलं. सायनला लष्कराच्या बराकींत १९४७ साली रुग्णालय सुरू झालं, तेच आजचं लोकमान्य टिळक रुग्णालय. ही रुग्णालयं आजही गर्दीने फुटतात, जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात, त्यांच्याही तक्रारी कमी नाहीत. पण नाशिक, रत्नागिरी, सोलापूरचा पेशंट शेवटी तिथेच का जातो? 'तिथे निदान डॉक्टर तरी भेटतो' म्हणून जातो.

आता मुंबई सोडून प्रांताकडे येऊ. तिथे नेमकं उलटं झालं. १९१९च्या कायद्याने द्विदल राज्यपद्धती आली. तीत आरोग्य हे खातं निवडून आलेल्या हिंदी मंत्र्यांकडे दिलं, 'सोपीव' खातं म्हणून. वित्त मात्र गव्हर्नरच्या हाती 'राखीव' राहिलं. म्हणजे दवाखान्याबद्दल लोकांच्या शिव्या मंत्र्याने खायच्या आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. काम एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची जन्मखूण आहे. इंग्रज गेले, द्विदल पद्धत कधीच गेली, पण ती खूण राहिली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एक मोठी संधी आली होती. सर जोसेफ भोर यांची समिती १९४३ साली नेमली गेली, १९४६ साली अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचं मूळ सूत्र. आणि ते हवेत नव्हतं. दूरच्या पल्ल्याची योजना अशी, की दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचं रुग्णालय. तूर्त जमेल ते म्हणून चाळीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आज काय आहे? साध्या भागात तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि खाटा सहा. 'तूर्त' म्हणून जे सुचवलं होतं, त्याच्या आसपास आपण घर बांधलं आणि तिथेच राहिलो. मूळ योजना कपाटात गेली.

राज्यघटनेने रुग्णालयं आणि सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यांच्या सूचीत टाकला. म्हणजे जबाबदारी राज्याची. ठीक. मग महाराष्ट्राने काय केलं? १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. विकेंद्रीकरणाचं ते पाऊल चांगलंच होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे गेली. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि सिव्हिल राज्याच्या आरोग्य खात्याकडे राहिलं. १९७० साली वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन संचालनालय वेगळं झालं, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं तिकडे गेली. शहरांतले दवाखाने पालिकांकडे. प्रत्येक निर्णयाला त्या वेळी कारण होतं, आणि कारण बहुधा खरंच होतं. पण पेशंटच्या बाजूने पाहा. गावातली बाई बाळंतपणासाठी उपकेंद्रातून निघाली, आरोग्य केंद्रात गेली, ग्रामीण रुग्णालयात गेली, सिव्हिलमधून वैद्यकीय महाविद्यालयात पोचली. तिच्या दृष्टीने हा एकच रस्ता. सरकारच्या दृष्टीने तिने दोन सरहद्दी ओलांडल्या. प्रत्येक नाक्यावर उत्तर एकच: 'पुढे घेऊन जा.'

अलीकडे यात आणखी एक गाठ पडली. जळगाव, गोंदिया, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत नवी वैद्यकीय महाविद्यालयं निघाली, आणि त्यासाठी तिथलं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे सोपवलं गेलं. पाटी बदलली. खाटा त्याच, गर्दी तीच. पण औषधं कुणाच्या खात्यातून, दुरुस्ती कुणाच्या, सफाईचा ठेका कुणाचा, हे नव्याने ठरायला लागलं. अशा ठरवाठरवीत रुग्ण थांबत नाहीत.

आता पैशाची यंत्रणा थोडी समजून घेऊ, कारण चादरीखालचं ते यंत्र तिथेच अडकलं होतं. सरकारी खर्च दोन प्रकारचा: भांडवली आणि महसुली. इमारत, यंत्र हा भांडवली. पगार, औषधं, ऑक्सिजन, जनरेटरचं डिझेल, चादरी धुणं हा महसुली. भांडवली खर्च एकदा होतो, त्याचं भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. महसुली खर्च दर वर्षी मागावा लागतो, त्याचा फोटो कधीच येत नाही. शिवाय इमारतीची फाईल वेगळी आणि पदनिर्मितीची फाईल वेगळी. रुग्णालय बांधून तयार, पण त्यासाठी डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ यांची पदं वित्त विभागाने मंजूर करायची. मंजूर झाली तर भरायची, भरली तर टिकवायची. वर्षाच्या सुरुवातीला तरतूद दिसते, हातात पैसा हप्त्याहप्त्याने येतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम घाई उडते. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर निधी व्यपगत. मग पुढच्या वर्षी वित्त विभाग विचारतो, 'मागचाच खर्च झाला नाही, आणखी कशाला?'

आपल्या न्यायशास्त्रात याला छान नाव आहे: अन्योन्याश्रय. 'अ' सिद्ध व्हायला 'ब' हवा, 'ब' सिद्ध व्हायला 'अ' हवा. डॉक्टर नाही म्हणून पेशंट येत नाहीत. पेशंट येत नाहीत म्हणून पद कशाला भरायचं. पद भरत नाही म्हणून डॉक्टर नाही. वर्गात हा दोष फळ्यावर लिहून आम्ही पोरांना हसवायचो. सिव्हिलच्या बाकावर बसल्यावर तो हसण्यासारखा राहत नाही.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जागतिक बँकेच्या कर्जातून आरोग्यव्यवस्था विकास प्रकल्प आला. रुग्णालयांच्या इमारती सुधारल्या, यंत्रं आली, त्याच काळात रुग्णांकडून शुल्क घेणंही रूढ झालं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. आशाताई आल्या, रुग्ण कल्याण समित्या आल्या, हाताशी थोडा खुला पैसा आला. पण त्यातली बरीच पदं कंत्राटी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली, आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या खर्चाने घर बसण्यापासून तिने अनेकांना वाचवलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण विमा बिल भरतो, डॉक्टर नेमत नाही. तापाने फणफणलेलं पोर घेऊन बाह्यरुग्ण विभागात उभ्या असलेल्या आईला त्या कार्डाचा उपयोग नाही. आणि जिथे रुग्णालयच नाही, तिथे कार्ड दाखवायचं कुणाला?

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटलं, की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी. ते वर्ष उलटून गेलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक असलेलं आपलं राज्य त्या रेषेच्या बरंच खाली आहे.

मग २०२३ साल. १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेसुद्धा नाहीत. चांगला निर्णय. दीड महिन्यात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. औषधखरेदी आधी २०१७पासून हाफकिन महामंडळाकडे सोपवलेली, आणि त्या वर्षी तिथून काढून नव्या खरेदी प्राधिकरणाकडे देण्याचा कायदा झालेला. जुनी व्यवस्था सुटलेली, नवी बसलेली नाही. पेशंट दूरदूरच्या तालुक्यांतून, शेजारच्या तेलंगणातूनही येणारे. मृत्यूंचं कारण औषधटंचाई नाही, पेशंट शेवटच्या घटकेला आणले गेले, असं सरकारकडून सांगण्यात आलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांचा आणि औषधांचा हिशेब मागितला. आणि त्याच आठवड्यात एका खासदारांनी तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं.

त्या दृश्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. लोकांचा राग खरा होता. पण तो पडला कुणावर? जो सगळ्यात जवळ होता त्याच्यावर. त्यांच्या पदातला 'प्रभारी' हा शब्दच सांगत होता, की तिथेही कायमचा माणूस आलेला नव्हता. न्यायशास्त्रात दुसरा एक दोष सांगितला आहे, अनवस्था. कारणामागे कारण, त्यामागे कारण, शेवट नाहीच. सिस्टर सांगते अधिष्ठात्यांना विचारा, अधिष्ठाता सांगतात संचालनालयाला, संचालनालय वित्त विभागाकडे बोट दाखवतं. अशा व्यवस्थेत शिक्षा साखळीच्या शेवटच्या कडीला होते, कारण तेवढीच कडी लोकांना दिसते.

यावर उपाय माहीत नाही असं नाही. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. खरेदी एका ठिकाणी, गोदामं जिल्ह्याजिल्ह्यांत, आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक. त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली, त्या रकमेपर्यंत रुग्णालयाने गरजेप्रमाणे औषधं उचलायची. म्हणजे भाव ठरवण्याचं बळ मोठ्या खरेदीदाराकडे, आणि काय हवं ते ठरवण्याचा अधिकार पेशंट पाहणाऱ्याकडे. केईएमच्या इतिहासातला धडा तोच: निर्णय, पैसा आणि जाब एकमेकांपासून फार लांब ठेवू नका.

शेवटी आमच्या विषयाकडे येतो. १८४५ साली सरकारी रुग्णालय ही दया होती. देणाऱ्याने दिली, घेणाऱ्याने हात जोडले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराचा खटला आला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला होता, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठवलं होतं. न्यायालयाने सांगितलं, की वेळेवर उपचार मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. म्हणजे दीडशे वर्षांत आपण दयेपासून हक्कापर्यंत आलो, निदान कागदावर. दया कुणाकडूनही येऊ शकते. हक्काला मात्र समोर कुणीतरी ठरलेला माणूस लागतो, ज्याच्याकडे तो मागायचा. 'सगळ्यांची जबाबदारी' म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही, हे आपल्या घरातल्या नळाच्या गळतीवरूनही कळतं.

म्हणून ऐकणाऱ्यांना एवढीच विनंती. तुमच्या तालुक्यात नवीन रुग्णालयाचं उद्घाटन असेल तेव्हा जरूर जा, टाळ्या वाजवा. पण तीन प्रश्न विचारा. पदं किती मंजूर आहेत आणि किती भरली आहेत? औषधं किती महिन्यांची शिल्लक आहेत? आणि या दोन्हींच्या कागदावर सही कुणाची आहे? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हे विचारता येतं, ग्रामसभेत विचारता येतं. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातच अनेक गावांत लोकांनी जनसुनवाईत असे प्रश्न विचारले आहेत आणि डॉक्टर वेळेवर यायला लागले आहेत. फार मोठी क्रांती नव्हे ती. पण शेजारच्या खाटेवरच्या त्या बाईंची चिठ्ठी घडी होऊन पिशवीत गेली नसती, इतका फरक त्याने पडू शकतो.

आमचे बंधू बरे होऊन घरी आले. त्या बाईंचं पुढे काय झालं, ते आम्ही विचारलंच नाही. ही चूक आमची, सरकारची नव्हे. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.